नियंत्रण कक्षातली शांतता

त्या दुपारी विमान मी चालवत होते आणि शेजारी कुलकर्णी सर रेडिओवर बोलत होते. नियंत्रण कक्षातल्या बाईंनी सांगितलं, "खाली उतरा." मी उतरू लागले, तोच आमच्या विमानातल्या टक्कर टाळणाऱ्या यंत्रातून आवाज आला, "वर चढा." समोरून दुसरं विमान येत होतं. अशा वेळी यंत्राचंच ऐकायचं हे मला पाठ होतं, तरी माणसाचा शब्द मोडणं जिवावर आलं. मी विमान वर घेतलं. सरांनी तसं कळवलं. "बरं," बाई म्हणाल्या आणि गप्प झाल्या. अशा वेळी धोका टळेपर्यंत त्यांनी आम्हाला काही सांगायचं नाही, असा नियम आहे.

ते विमान आमच्या खालून गेलं. त्याची इवलीशी सावली ढगांवरून पळत होती. कोणी वर जायचं, कोणी खाली, हे दोन्ही विमानांतल्या यंत्रांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. मला कुतूहल वाटत राहिलं ते बाईंच्या गप्प बसण्याचं. पडद्यावर दोन विमानांचे ठिपके जवळ येताना नुसतं बघायचं. तेव्हा माणूस हातांचं काय करत असेल?

"धोका टळला," सरांनी कळवलं.

"तुमची उंची सांगता?" बाईंनी विचारलं.

ती त्यांना पडद्यावर दिसतच होती. तरी सरांनी एकेक आकडा सावकाश सांगितला.