ड्रमरला वन्स मोअर
अ‍ॅरिझोनातल्या चँडलर गावातला माझा रूममेट नागपूरचा होता आणि आमचं वैर एका सीडीवरून होतं. एका नामांकित ब्रिटिश रॉक बँडच्या ड्रमरला गायची खाज सुटली, म्हणून त्यानं फावल्या वेळात दुसरा बँड काढला. त्या बँडची ही एकुलती एक सीडी, आणि ती ह्याचा जीव की प्राण. ती लागली की तिथले निवडुंगसुद्धा काटे मिटून घ्यायचे.

२००५च्या सुमारास तो बँड फीनिक्सच्या एका बारमध्ये आला. आम्ही पैज लावली. ड्रमरनं मोठ्या बँडचं एक जरी गाणं गायलं, तर सीडी घरातून बाद. नाहीतर मी कायमचं तोंड बंद ठेवायचं.

बारमधले सगळे तीच जुनी गाणी मागत होते आणि ड्रमर त्यांना शिव्या घालत होता. पण लोक उठून जायला लागले, तसा तो नरमला आणि आपलं गाणं संपवून एक जुनं गाणं घ्यायला निघाला.

"गेली तुझी सीडी!" मी म्हणालो.

"चूप बे!" म्हणत हा खुर्चीवर चढला आणि संगीत नाटकात पदाला ओरडतात तसा गरजला, "वन्स मोअर!"

ड्रमर थबकला. त्याचं गाणं पुन्हा ऐकायची इच्छा पृथ्वीवर आजवर कुणालाच झाली नव्हती. त्यानं आपलं आधीचंच गाणं परत गायलं. ह्यानं परत आरोळी ठोकली. शेवटपर्यंत त्यानं दुसरं गाणं घेतलंच नाही. लोकांनी ग्लासातला बर्फ फेकला, तो बहुतेक मलाच लागला.

परतताना हायवेवर ह्यानं तीच सीडी लावली.

"उतरव मला इथंच," मी ओरडलो.

"उतर ना बे," तो म्हणाला आणि आवाज वाढवला.