बाई गप्प बसल्या तो तास

बाईंच्या पायाला भिंगरी आहे, असं शाळेत सगळेच म्हणत. बावीस वर्षं गणित शिकवलं, पण खुर्चीत बसून घेतलेला त्यांचा एक तास कुणाला आठवत नाही. फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत आणि तिथून परत. तोंडही पायांइतकंच चालायचं. मुलाला शंका यायचा अवकाश, बाईंचं उत्तर तयार.

अशा बाईंनी सत्तेचाळिसाव्या वर्षी शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या एम. ए.ला नाव घातलं, तेव्हा शिक्षकखोलीत हसू फुटलं. "म्हणजे आता संगणक शिकवणार आणि तुम्ही गप्प बसणार?" चित्रकलेचे मास्तर म्हणाले. बाईंनी ते मनाला लावून घेतलं. शाळा, घर सांभाळून दोन वर्षांत सगळे पेपर काढले. उरला शेवटचा प्रकल्प आणि पोर्टफोलिओ, म्हणजे आजवर केलेलं सगळं काम पुराव्यासकट एका जागी मांडायचं. शुक्रवारी संध्याकाळी पाचला ते जमा करायचं संकेतस्थळ बंद होणार होतं. त्याआधी जमलं नाही तर पदवी हातची जाणार.

प्रकल्प साधाच होता. छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज बाईंनी स्वतः सात मिनिटांच्या व्हिडिओत शिकवायची आणि मुलांनी तो संगणकावर पाहून आपापलं शिकायचं. सहावी 'अ'वर चाचणी झाली. सरासरी दहापैकी चारावरून आठावर गेली. बाईंनी त्याचा आलेख काढून हिरव्या रंगात रंगवलासुद्धा.

सोमवारी त्या मार्गदर्शकांकडे गेल्या. सर त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि एके काळी त्यांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसलेले.

"बाई, एक विचारू? रागावू नका."

"विचार की. आता तू सर आहेस."

"एकतीस मुलांच्या नोंदी आहेत. सगळ्यांनी व्हिडिओ दुसऱ्या मिनिटालाच का थांबवलाय?"

सरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. बाईंनी चष्मा पुसून पाहिलं, पुन्हा पुसला. दुसऱ्या मिनिटाला छेद सारखे करायचे होते, पोरं तिथेच अडायची. आणि बाईंना आठवलं. चाचणीच्या दिवशी त्या मुलांच्या पाठीमागून फिरत होत्या. कुणाच्या कपाळावर आठी दिसली की, "थांबव ते, मी सांगते." एकालाही सोडलं नव्हतं.

"पण मुलं शिकली ना?"

"शिकली. तुमच्याकडून. व्हिडिओ त्यांनी पुढे पाहिलाच नाही." सर खाली बघत म्हणाले, "मलाही तुम्ही कधी अडू दिलं नव्हतं, बाई."

"परीक्षकांच्या लक्षात येईल?"

"बहुतेक नाही येणार."

हेच वाईट झालं. आलं असतं लक्षात, तर प्रश्नच मिटला असता. घरी बाई या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिल्या. कपाट आवरायला घेतलं, अर्ध्यावर सोडलं. कपड्यांच्या घड्या घालायला बसल्या.

"अगं, हा टॉवेल तिसऱ्यांदा मोडून घडी घालतेयस," नवरा म्हणाला. मग सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "पुन्हा घे चाचणी. दुसऱ्या तुकडीवर. आणि तू वर्गाबाहेर बस."

"मी? बाहेर?"

"जित्याची खोड आहे, माहीत आहे मला. म्हणून तर बाहेर म्हणतोय."

बुधवारी सहावी 'ब' संगणकांसमोर बसली. आत लक्ष ठेवायला चित्रकलेचे मास्तर होते. त्यांना अपूर्णांकांतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे ते कुणाला मदत करतील ही भीती नव्हती. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. उठल्या. फरशा मोजल्या, मध्येच आकडा चुकला. शेवटी खिडकीशी गेल्याच.

समोरच गप्पू होती. ती वर्गात कधी तोंड उघडत नाही, म्हणून मुलांनीच ते नाव ठेवलेलं. दुसऱ्या मिनिटाला अडली होती. तिनं व्हिडिओ मागे नेला, पुन्हा पाहिला, पुन्हा अडली. बाईंचा हात दाराच्या कडीवर गेला. आतून मास्तरांनी बोट ओठांवर ठेवलं. बाई चरफडत बाकावर परतल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या. एवढा लांब तास त्यांनी आयुष्यात काढला नव्हता.

निकाल आला. सरासरी सहा, 'अ' तुकडीपेक्षा दोनाने कमी. हिरवा आलेख चांगलाच बुटका होणार होता. मात्र गप्पू दोनावरून सातावर गेली होती. नोंदीत दिसत होतं, दुसरं मिनिट तिनं नऊ वेळा पाहिलं होतं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत बाईंनी तिला गाठलं.

"अगं, एवढं अडत होतं, तर मला विचारायचं नाही का?"

"विचारलं होतं, बाई."

"कधी?"

"दिवाळीआधी, मागच्या सत्रात. दोनदा. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, किती वेळा सांगायचं?" गप्पू नखांशी चाळा करत राहिली. मग एकदम म्हणाली, "व्हिडिओतल्या बाई कितीही वेळा सांगतात."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाईंना ती असती तर बरं वाटलं असतं. घंटा झाली, गप्पू पळाली, आणि पायाला भिंगरी असलेल्या बाई जिन्यापाशी तशाच उभ्या राहिल्या. पोरगी खोटं बोलत नव्हती. 'किती वेळा सांगायचं' हे आपण दिवसातून किती वेळा म्हणतो, ते त्यांना मोजता येईना.

शुक्रवारी दुपारी त्यांनी हिरवा आलेख काढून टाकला. दोन्ही चाचण्या होत्या तशा मांडल्या. पहिली का फसली, तेही लिहिलं. सरांनी वाचून नुसती मान डोलावली. आता पास होऊ की नाही, ते ना सरांना ठाऊक होतं, ना बाईंना.

शेवटच्या पानावर प्रश्न होता: या प्रकल्पातून तुम्ही काय शिकलात? पाचशे शब्दांत लिहा. बाईंचं उत्तर महिनाभर आधीच तयार होतं, चांगलं भारदस्त. त्यांनी ते पुसलं. लिहिलं, "माझ्या वर्गातल्या एका मुलीला नऊ वेळा सांगावं लागत होतं. मी दोनदा सांगून थांबले."

आणखी काही सुचेना. पाचला सात मिनिटं कमी असताना त्यांनी तेवढंच पाठवून दिलं.