डाव्या पायाला काम नसलेली गाडी

जेलागातचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने वाळला होता, आणि घाटमाथ्यावरच्या सरकारी दवाखान्यात ती एकटीच नर्स होती. बरीच वर्षं या दोन्ही गोष्टी एकमेकींना सांभाळून राहिल्या. भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर लसींची पेटी घट्ट धरून ती केरिओ नदीच्या खोऱ्यात उतरायची. मागच्या पावसाळ्यात मात्र एका वळणावर मोटरसायकल लाल चिखलात आडवी झाली आणि तिच्या खुब्याला मार बसला. डॉक्टरांनी मोटरसायकल कायमची बंद केली. आरोग्य खात्यातल्या साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की यंदाच्या मोठ्या पावसाआधी स्वतःचं वाहन झालं तर उत्तम, नाहीतर शहरातल्या कार्यालयात तिच्यासाठी टेबल आहे. टेबल वाईट नव्हतं. पण तिच्यामागे खोऱ्यात उतरणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि ते साहेबांनाही ठाऊक होतं.

म्हणून गाडी. लहान हवी, कारण कातळ आणि दरी यांच्यामधून मोठी जात नाही. ऑटोमॅटिक हवी, कारण क्लच दाबायला डावा पाय लागतो. चारही चाकांनी ओढणारी हवी, कारण तो घाट पावसात दोन चाकांना दाद देत नाही. आणि जुनी, म्हणजे तिच्या बचतीत बसेल अशी. यातल्या दोन गोष्टी सहज जमायच्या, तिसरी आली की किंमत हाताबाहेर जायची. तिचे चेसिरे काका म्हणाले, "पोरी, तुला नांगर ओढणारी, दूध देणारी आणि वर कमी खाणारी गाय हवी आहे. अशी मी जन्मात एकदा पाहिली. तिचा मालक तिला विकत नव्हता."

काकांचं आयुष्य गुरांच्या बाजारात गेलेलं. त्यांचा नेम ठरलेला होता : बाजारात सगळ्याच गायी शहाण्या असतात, म्हणून घेण्याआधी जनावर चढावर चालवून बघायचं, आणि बघायचं ते मागच्या पायांकडे. गाडी बघायला ते तिच्यासोबत एल्डोरेट शहरात आले तेव्हाही हा नेम त्यांनी बरोबर आणला होता.

तिथल्या जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर मुइगाई नावाचा गोड बोलणारा दलाल होता. त्याने एक पांढरी गाडी दाखवली. लहान, ऑटोमॅटिक, चारही चाकं ओढतात अशी खूण मागे ठळक चिकटवलेली, आणि भाव चक्क परवडणारा. जेलागातचा जीव तिथेच अडकला. काकांनी गाडी अड्ड्यामागच्या चिखलाच्या चढावर न्यायला सांगितली. मुइगाई म्हणाला की आत्ताच धुतली आहे. काका म्हणाले, गायीलाही आम्ही धुऊनच आणतो.

गाडी चढावर अर्ध्यात थांबली. पुढची चाकं चिखल उडवत गरगरत राहिली आणि मागची लग्नातल्या पाहुण्यांसारखी स्वस्थ उभी राहिली. बरेच आढेवेढे घेतल्यावर मुइगाईने कबूल केलं की आधीच्या मालकाने पेट्रोल वाचवायला मागच्या चाकांकडे जाणारा दांडा काढून विकला होता. सगळेच काढतात, तो म्हणाला. शहरात त्या दांड्याचं काय काम?

शहरात खरंच काही काम नव्हतं. शहरातल्या टेबलापर्यंत ही गाडी तिला रोज सुखाने नेणार होती. जेलागात चिखलात काठी टेकून क्षणभर तोच विचार करत उभी राहिली, आणि त्या विचाराची तिला भीती वाटली.

"दुसरी दाखवा," ती म्हणाली.

दुसरी कोपऱ्यात होती. वाळल्या गवताच्या रंगाची, खोक्यासारखी, टपाला पोचा पडलेली. किल्ली फिरवताच आतून एक बाई जपानी भाषेत काहीतरी अदबीने बोलली. मागच्या सीटवरून काकांनी लगेच आपल्या बोलीत उलट रामराम केला, "चामगे मिसिंग." मुइगाई हसून लोटपोट झाला. ती यंत्राची बडबड आहे बाबा, तो म्हणाला, सांगाल तर वायर कापून टाकतो.

"मला काय बोलली ते कळलं नाही," काका म्हणाले, "पण आवाज रामरामाचा होता. रामरामाला उत्तर न देणारा माणूस कुठला? तुमच्यात चालत असेल."

ही गाडी अड्ड्यामागचा चढ चढली. पण जेलागातला तिचा स्वतःचा घाट हवा होता. मुइगाई बराच वेळ कुरकुरला, शेवटी पेट्रोल तिने भरायचं या अटीवर शेजारी बसला.

माथ्यावर सकाळीच पाऊस पडून गेला होता. खाली खोरं ऊन पडून पांढुरकं झालं होतं, आणि रस्ता त्यात ओल्या दोरीसारखा सोडलेला. तिने गिअरची दांडी सर्वांत खालच्या खुणेवर ओढली. गाडीने स्वतःलाच धरलं. गाभण गाय उतारावर जशी पोट सांभाळत उतरते तशी ती उतरू लागली, एकेक चाक चाचपून. मोटरसायकल पडली होती त्या वळणावर मागचं एक चाक घसरलं. बाकीच्या तीन चाकांनी मातीत बोटं रोवल्यासारखं केलं आणि गाडी सावकाश सरळ झाली. एवढीशी गाडी, आणि एवढा थोरला डोंगर तिला वाट देत होता. काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, चर्चमध्ये ठेवतात तशी.

मग तिला आपला डावा पाय दिसला. तो एका बाजूला निवांत पडला होता, कशावरही नाही, कशासाठीही नाही. ही गाडी चालवणाऱ्या कुणाचाही डावा पाय असाच पडला असता, धावपटूचासुद्धा. ही गोष्ट तिला इतकी मोठी वाटली की तिने ती कुणाला सांगितली नाही.

तळाला रुंद जागा आली. मुइगाईने घसा साफ केला. "झालं सिस्टर, बघून झालं. इथून फिरवा."

"आज लसीचा वार आहे," ती म्हणाली. पेटी येताना वाटेत दवाखान्यातून उचलून तिने काकांच्या पायाशी ठेवली होती. "दुपारपर्यंत थांबावं लागेल तुम्हाला. भावाचं बोलणं इथेच करू."

"सिस्टर, अजून तुमची झाली नाही गाडी."

"म्हणून तर म्हणते, बोला."

काका मागून पुटपुटले की चढावर चाललेल्या जनावराचा भाव उतारावर करू नये, घेणाऱ्याची गरज दिसते, पण आता इलाज नाही.

बाभळीखाली बायका पोरांना घेऊन बसल्या होत्या. महिनोन्महिने कोणी आलं नव्हतं, आजही येईल याची खात्री नसताना त्या बसल्या होत्या. गाडी थांबली तेव्हा कोणी उठलं नाही. दार उघडून काठी बाहेर आली तेव्हा एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून पुढे आली, तिने पुढच्या सीटवर पाहिलं, मागच्या सीटवर पाहिलं.

"आज कोणी आणलं गं तुला?"

जेलागात गाडीला धरून उभी राहिली.

"मीच आले, कोगो," ती आजीला म्हणाली. "बाळ दे इकडे."