आबांच्या फ्रिजचा पंखा

शेजारच्या काकीचा फोन आला तेव्हा मी सांगलीत ऑफिसात होतो आणि सगळं ऑफिस माझ्या एकट्याच्या खांद्यावर चाललं होतं. म्हणजे मी चहा पीत होतो.

"आरं, तुज्या बापाच्या घरात हेलिकॉप्टर उतरलंय," काकी ओरडली. "आठ दिस झालं नुसतं घरघरतंय. माझी म्हस धार द्यायला तयार न्हाई. येऊन बघ काय ते."

काकीच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं, ही आमच्या गावाची रीत. माझ्या बोलण्यातलं पाऊण सोडतात. पण हेलिकॉप्टर निम्मं केलं तरी एक पंखा उरतोच. मी विचारलं, "आबांना बोललीस का?"

"बोलले की! म्हटलं, भावजी, फ्रिज लय वाजतोय तुमचा. तर म्हणाले, व्हय, यंदा पाऊस लांबलाच."

मी खो खो हसलो. ऑफिसातल्या चौघांना सांगून त्यांनाही हसवलं. आता ते हसणं आठवलं की मान खाली जाते.

आबा म्हणजे माझे वडील. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि लोणंदजवळच्या आमच्या गावी परतले. आई गेल्यापासून एकटे राहतात. घर रेल्वेच्या अलीकडे, शेत आणि म्हशीचा गोठा पलीकडे. मधे फाटक नाही, पायवाट आहे. खडीवर चढायचं, दोन्ही लाइनींचे रूळ ओलांडायचे, उतरायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पूर्वी धुराचं इंजिन दोन गावं अलीकडूनच सगळ्यांना जागं करायचं. आता विजेची गाडी मांजराच्या पावलानं येते.

आईच्या तेराव्याला मी त्यांना सांगलीला चला म्हणालो होतो. तेव्हा त्यांनी सगळ्या भावकीसमोर उभं राहून कबूल केलं होतं, "हात, पाय, डोळे, कान. हे चार चालू हायेत तवर मी हितं. एक जरी बंद पडलं तर गप तुज्या फ्लॅटात येऊन गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालीन. पर तवर नाव काढायचं न्हाई." आम्ही नाव काढलं नाही. माझी बायको मात्र रोज संध्याकाळी सातला फोन लावायची. आबा घरी पोचलेत एवढं कळलं की ती कुकर चढवायची.

रविवारी गेलो. गल्लीच्या तोंडाशीच आवाज लागला. खोटं सांगत नाही, रस्त्यावरची वाळू जागच्या जागी नाचत होती. दोन कुत्री पारावर चढून घराकडे तोंड करून बसली होती. घरात शिरलो तर फ्रिज टर्रर्र खट्, टर्रर्र खट् करतोय आणि त्याला खेटून, हातभर अंतरावर खुर्ची टाकून आबा पेपर वाचतायत.

"आबा, काय हे?"

त्यांनी पेपर खाली केला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "ये, ये. एसटीनं आलास का गाडी काढलीस?"

मी कामाला लागलो. यंत्रांच्या बाबतीत माझं नाव पंचक्रोशीत आहे. विहिरीवरची मोटार मी एकदा नुसती शिव्या देऊन चालू केली होती. आधी फ्रिजच्या डोक्यावरचा संसार उतरवला: पत्र्याची पेटी, बंद पडलेला ट्रान्झिस्टर, पिठाचा डबा, औषधांचं खोकं. आवाज तसाच. मग पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालून तो सरळ उभा केला. तसाच. भिंतीपासून वीतभर पुढं ओढला, मागची जाळी झाडली. तिथून आख्ख्या सातारा जिल्ह्याची धूळ निघाली, पण आवाज तसाच.

एवढ्यात काकी आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "डाव्या अंगाला एक रट्टा दे."

मी दिला. फ्रिज चिडला. आता टर्रर्र खट्ट खट्ट.

"उजव्या अंगाला म्हणायचं व्हतं मला," काकी म्हणाली.

शेवटी वरच्या बर्फाच्या कप्प्याचं दार उघडलं आणि आवाज टपकन थांबला. लावलं, चालू. उघडलं, बंद. दाराच्या कडेला एक बारकं बटण असतं. दार उघडंच ठेवून ते बोटानं दाबलं, तर आतून पुन्हा टर्रर्र. चोर घरातच होता. कप्प्याच्या मागच्या भिंतीआड गार हवा फिरवणारा पंखा असतो, तोच कशावर तरी घासत होता. मी फ्रिजचा प्लग काढला, चार स्क्रू काढले, भिंत सोडवली. आत बर्फाचा एवढा डोंगर की आबांनी सैन्यात बर्फाळ सरहद्दीवर काढलेले तीन हिवाळे तिथंच काढले असावेत. पंख्याची पाती त्या बर्फात रुतून कडा खात होती.

बर्फ इतका का साठला? खालचं दार उघडून बघितलं तर कारण समोरच. आबा रोज धार काढून दुधाची पितळी किटली तशीच आत ठेवत. आईनं वापरलेली किटली, ती बदलायची नाही. तिची कडी ताठ उभी, त्यामुळं दार बोटभर उघडं राहायचं. दमट हवा दिवसभर आत शिरत होती. वर जाऊन तिचाच बर्फ होत होता.

मी काकीला हे समजावत होतो. बर्फ वितळेपर्यंत दिवा तरी लागतोय का बघावा म्हणून प्लग पुन्हा लावला होता, दार सताड उघडं होतं. मिनिटभरानं फ्रिज बोलायला लागला. टी टी टी, टी टी टी. दार उघडं राहिलं की मालकाला सांगायची त्याची रीत.

"हां! ह्योच!" काकीनं चुटकी वाजवली. "दूध ठिवलं की रोज वाजतंय ह्ये. आमी म्हटलं भावजींनी मिलिटरीतनं कायतर मशीन आणलंय."

रोज वाजतंय. मी आबांकडे वळलो. ते हातभरावर पाठमोरे बसून पान उलटत होते. टी टी टी चाललेलंच. मी त्यांच्या पाठीमागं जाऊन उभा राहिलो आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, "आबा, सरकारनं पेन्शन दुप्पट केली." पान उलटलं. "आबा, गोठ्याला आग लागली." त्यांनी चष्मा पुसला.

काकीचा हात कमरेवरून खाली आला. ती पदर डोक्यावर ओढून घरी गेली. तिला मी असं कधी बघितलं नव्हतं.

मी पंख्यासमोर गरम पाण्याचं पातेलं ठेवलं, प्लग काढला आणि जमिनीवर बसून राहिलो. बर्फ वितळायला दोन तास गेले. इतकी वर्षं मला कळलं कसं नाही? पण आमच्या घरात कळणार कसं! फोन खिशात थरथरला की आबा उचलून म्हणायचे, "आधी माझं ऐक," आणि दहा मिनिटं तोफा डागून फोन ठेवून द्यायचे. मला वाटायचं हवालदारी आहे. आणि मीही तसाच. माझी गोष्ट सांगून झाली की समोरच्यानं ऐकलं का, हे मी कधी पाहिलंय? दोन बोलघेवड्यांच्या घरात एकाचे कान गेले तर दुसऱ्याला पत्ता लागत नाही. बायको सातला फोन करायची, तिला पलीकडून "पोचलो, पोचलो" ऐकू यायचं. ती काय विचारत होती हे त्यांना ऐकू येत नव्हतं.

पंख्याभोवतीचा शेवटचा तुकडा निघाला, पाती बोटानं फिरवून बघितली, भिंत बसवली. मग आबांच्या समोर जाऊन बसलो. तोंड नीट दिसेल असा.

"कवापासून?"

त्यांनी माझे ओठ वाचले. आधी खाकरले. "तोफखान्यात चोवीस वर्षं... एकदा काय झालं, आमची तोफ..." आणि एरवी अर्धा तास चालणारी ती गोष्ट त्यांनी मधेच टाकून दिली. पेपरची घडी घातली.

"तुजी आई ऐकायची की. रुळापाशी आलो की माजी बाही धरायची. सोडली की चालायचं."

"आणि आता?"

"तू फ्रिज चालू कर."

मी केला. आबा उठले, फ्रिजच्या अंगावर तळवा टेकवला, डोळे मिटले. म्हशीचं पोट चाचपावं तसं. "आता गुळगुळीत चाललाय. आत्तापतुर आतनं धक्के देत व्हता. पंधरा दिस झालं ठावं हाय मला. कानानं कळतंय तेवढंच खरं व्हय रं?" त्यांनी चपला घातल्या. "चल, दावतो. धारंची येळ झालीच हाय."

आम्ही रुळांपाशी गेलो. ऊन उतरलेलं, पण लोखंड तापलेलं होतं. आबा खडीवर उकिडवे बसले आणि अलीकडच्या रुळावर तळवा ठेवला. मग दोन पावलं पुढं सरकून पलीकडच्या लाइनीवर. त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या पोराचा भाव होता. मला तो बघवेना, म्हणून मीही शेजारी बसून रुळावर हात ठेवला. गरम. बाकी काही नाही. माझ्या मनात आलं, जमलं तर बरं होईल. खरंच जमत असलं तर मी सांगलीत जाऊन बायकोला अशी काही गोष्ट रंगवून सांगीन की तीही मानेल.

"थरथर असती," आबा म्हणाले. "मुंगी चालल्यागत. आज न्हाई. मोकळी हाय."

ते उठले आणि पलीकडच्या लाइनीत पाय घातला.

वळणाआडून हॉर्न आला. मी त्यांचा शर्ट पाठीमागून मुठीत धरला आणि खेचला. आम्ही दोघं खडीवर आडवे झालो. उठून बाजूला सरकेपर्यंत मालगाडी वळणावर दिसली आणि मग आमच्यासमोरून जात राहिली. ती किती डब्यांची होती हे मला विचाराल तर मी सांगू शकत नाही. वाऱ्यानं आबांची टोपी उडून गवतात पडली.

गाडी गेली. आबांच्या कोपराला खरचटलं होतं, पण ते बघत होते तळव्याकडे. उलटा करून, सुलटा करून. 

"हॉर्न वाजवला व्हता का त्यानं?" त्यांनी विचारलं.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हणालो असतो तर ड्रायव्हरला चार शिव्या देऊन ते सुटले असते, आणि मीही. असल्या बाबतीत मला खोटं शोधावं लागत नाही, ते जिभेवर तयारच असतं.

"वाजवला," मी म्हणालो. "दोनदा."

त्यांनी मान हलवली. टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली. मग पायवाट सोडून रुळाच्या कडेकडेनं, रुळाखालून पलीकडं जाणाऱ्या बोगद्याच्या दिशेनं चालायला लागले. तो अर्धा मैल लांबचा वळसा आहे आणि त्यात बारमाही गुडघाभर पाणी असतं. चार पावलांवर थांबून त्यांनी मागं वळून बघितलं. मी पुढं झालो आणि त्यांची बाही धरली.

"म्हस कुणाला द्यायची?" ते म्हणाले.

 पलीकडून ती हंबरत होती.