गच्चीवर मोडलेला माझा संसार

या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मोडलं. दोन्ही एकाच दुपारी, आमच्या पेणच्या गच्चीवर, पोह्याच्या पापडांच्या साक्षीने. नवऱ्याचं नाव विचारू नका. (मी त्याला नाव द्यायचंच विसरले होते.)

आधी नोकरीबद्दल सांगते. मी केमिस्ट्री शिकले आणि धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये लागले. रोह्याच्या आत्याने शब्द टाकला म्हणून. राहायचेही तिच्याकडेच. आत्या गल्लीत सांगायची, "आमची भाची पर्मनंट हाय!" जणू इतरांच्या भाच्या तात्पुरत्या होत्या. पण बाटलीत काय आहे हे तपासता तपासता मला बाटली धरणाऱ्याच्या डोक्यात काय आहे, याचीच जास्त उत्सुकता वाटायला लागली. दुसऱ्या विषयातून मानसशास्त्रात येणाऱ्यांसाठी एक कन्व्हर्जनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो. ऑनलाइन. मी नोकरी सोडली, प्रवेश घेतला आणि पेणला आले.

आईबाबांना सांगितलं. आत्याला मात्र "मीच सांगेन, समोर बसून, नीट" असं ठरवलं आणि फोनवर म्हणाले, "आत्या, मला वर्क फ्रॉम होम मिळालंय."

"केमिकलचं काम घरून?"

"हो, म्हणजे... थोडं थोडं."

"बाटल्या सैपाकघरात ठेवू नको गो!"

तेव्हापासून दर फोनला ती आधी अ‍ॅसिडची चौकशी करायची, मग आईची.

तर अभ्यासक्रमात समुपदेशनाच्या सरावाचं रेकॉर्डिंग द्यायचं होतं. माझी जोडीदार नागपूरची निकिता. ती ऐकणार, मी अडचण सांगणार. मॅडमची अट एकच : स्वतःची खरी अडचण आणायची नाही. मला ही अट फार आवडली. माझी खरी अडचण रोह्याला राहत होती! मग मी माझ्यापासून सगळ्यात लांबची अडचण शोधली : घरच्यांपासून लपवून केलेलं लग्न. (मी रिक्षावाल्याला "इथे थांबवा" म्हणायला लाजते आणि दोन घरं पुढे जाऊन उतरते.)

त्या दिवशी आमच्याकडे पापडांची सावड होती. म्हणजे आज गल्लीतल्या बायका आमचे पापड लाटणार, उद्या आई त्यांचे. हॉलभर पोळपाट. आईने मला गच्चीवर पिटाळलं. "वर रेंजही असते. कावळे हाकल आणि तुझं ते काय ते कर."

पलीकडच्या गच्चीवर मालूकाकू कुरडया राखत बसल्या होत्या. मालूकाकूंचं माहेर गडब. आत्याचंही गडब. दोघी लहानपणच्या मैत्रिणी. हे मला माहीत होतं, पण त्या वेळी आठवलं नाही.

मी मोबाइल टाकीला टेकवला, कानात इयरफोन घातले आणि दुःखी माणसासारखी अगदी हळू सुरुवात केली, "मी लग्न केलंय. घरी माहीत नाही."

"आवाज तुटतोय," निकिता म्हणाली.

"लग्न केलंय."

"काय केलंयस?"

"लग्न! लग्न केलंय मी! घरी माहीत नाही!"

कुरडयांवरचा कावळा उडाला. मालूकाकू उठून कठड्याशी आल्या. मला वाटलं, सावलीसाठी.

निकिताने शिकवल्याप्रमाणे विचारलं, "आत्ता तुला काय वाटतंय?"

"भीती! त्याला सोडून आलेय ना मी! ऐकू येतंय का? सोडून आले! आता आत्याला काय सांगू?"

(आत्या आमच्या गोष्टीत नव्हती. ती मध्येच कुठून आली हे मानसशास्त्र सांगू शकेल. माझा अभ्यास तिथवर पोचलेला नाही.)

पापड वाळून कडक होईपर्यंत आत्या दारात हजर! मिळेल त्या एसटीने आली होती. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. डिंकाचे लाडू आमच्याकडे बाळंतिणीला देतात. पेणहून रोह्याला फोन पोचेपर्यंत माझा संसार बराच पुढे गेला असावा. हॉलमधली सगळी लाटणी एकदम थांबली. आत्या थेट गच्चीवर. मागून आई, तिच्यामागून बाबा.

"कोण तो?" आत्याने विचारलं.

"कोण कोण?"

"मारत व्हता काय तुला?"

मी मागे सरकले. पायाखाली कडकड आवाज झाला.

"पापडांवरून उतर आधी!" आई ओरडली.

बाबा चष्मा पुसत म्हणाले, "फोटो तरी दाखव."

"अहो, नवराच नाहीये! तो अभ्यास होता!"

"कंपनीत लग्नाचा अभ्यास घेतात?" आत्या म्हणाली.

पळायला जागा नव्हती. सगळीकडे पापड होते. "आत्या, मी कंपनी सोडलीय. कधीचीच. मी मानसशास्त्र शिकतेय."

पलीकडून मालूकाकूंचा पडलेला आवाज आला, "म्हंजे लगीन नाय?"

आत्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. "अगो, नवरा सोडला असतास तर दुसरा बघितला असता. पर्मनंट नोकरी आता कुठनं आणू?"

मला हसू यायला हवं होतं. पण मग ती हळूच म्हणाली, "मी सगळ्यांना सांगत फिरते, आमची पोरगी घरून अ‍ॅसिड तपासते. लोक हसत असतील. मला खरं सांगितलं असतंस, तर मी खरं सांगितलं असतं."

समोरच्याचं ऐकून घ्यायचं शिक्षण मी घेत होते. त्या दिवशी ऐकून घेतलं. मान खाली घालून, मोडलेल्या पापडांकडे बघत.

निघताना आत्याने डबा परत पिशवीत टाकला. मग थांबली, त्यातले दोन लाडू काढून आईच्या हातावर ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अभ्यास करते म्हणते ना, मग खाऊ दे तिला."

पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंगवर मॅडमचा अभिप्राय आला. निकिताचं कौतुक. माझ्याबद्दल लिहिलं होतं : 'गोष्ट कोणालाही पटणार नाही. आवाज उगाच चढा. लपवल्याची शरम कुठेच जाणवत नाही. पुन्हा करा.'

आता पुन्हा करायचंय. या वेळी गच्ची नको, रोह्याला जाते आहे. आत्याला समोर बसवलं की शरम आपोआप येईल, आणि आवाज तर फुटणारच नाही!