शनिवारचा उपास आणि डॉक्टरांची गोळी

बोईसरच्या डॉक्टरांनी माझ्या दंडातला काळा दोरा पाहिला आणि मी पदर ओढून घेतला. आता हसतील, नाहीतर कात्री मागतील.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तिथे हे फिटर लागले म्हणून मी बीडहून इकडे आले. शाळा चौथीत सुटलेली, माहेरचं जवळ कुणी नाही. सातव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं आणि मागोमाग माझी झोप गेली. भरदुपारी दाराशी कुणी आहे असं वाटायचं, छाती धडधडायची, घास उतरायचा नाही. हे एकदाच म्हणाले, "डॉक्टरने वेडी म्हणून लिहून दिलं, तर तुला माहेरी पोचवतो." तेव्हापासून डॉक्टरांच्या कागदाचं मला भय.

डॉक्टरांकडे येण्याआधी घरमालकीण मला पाड्यावरच्या भगताकडे घेऊन गेली होती. त्याने सुपात तांदूळ टाकून पाहिले. "पोराचा जीव दारात अडकला हाय," म्हणाला. दोरा बांधला, आणि पाच शनिवार दिवस मावळेपर्यंत पोटात काही घालायचं नाही असं सांगितलं.

डॉक्टर हसले नाहीत. भगत काय म्हणाला, तेवढं विचारलं. मी म्हटलं, "काही नाही." त्यांनी वाट पाहिली. शेवटी उपासाचं सांगून टाकलं.

"गोळी जेवणानंतरची आहे. शनिवारी उपास सोडल्यावरच घ्या. पण भगताला चालेल का, ते विचारून या."

डॉक्टर कधी भगताकडे पाठवतो का? माझ्या वेडाचा पुरावा गोळा करतोय, असंच वाटलं. आज त्या माणसाचे उपकार आठवतात, तेव्हा नुसता संशय होता.

घरमालकीण म्हणाली, "अगो, दोघं मिलालेत वाटतं! एकाचा दोरा, एकाची गोली, मदी तू!"

भगतही कमी नव्हता. गोळी उन्हात धरली, हुंगली. "त्यानं माजा दोरा कापला नाय?"

"नाही."

"मंग घे. उपास मोडू नको."

तिसऱ्या खेपेला धीर करून डॉक्टरांना विचारलं, "कागदावर काय लिहिलंय?" सगळं इंग्रजीत होतं. त्यांनी कोरा कागद घेतला. "तुम्ही सांगा, तसं मराठीत लिहितो."

मी सांगितलं: मूल गेलं. झोप नाही. दाराशी कुणी असल्यासारखं वाटतं. दोरा बांधल्यापासून जरा कमी.

त्यांनी तसंच लिहिलं. खाली आपलं काही जोडलंय का, ते मी अक्षर अक्षर लावून पाहिलं. सही होती, बस.

घरी कागद ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी दोनदा वाचला. मग खाली बघत विचारलं, "दाराशी असतं... ते केवढं असतं?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच विचारलं. मी दोन्ही हातांनी दाखवलं. ह्यांनी कागद घडी करून ट्रंकेत ठेवला. माहेरी पोचवण्याचं पुन्हा निघालं नाही.

तरी हे कामावर गेले की मी ट्रंक उघडून बघायची, तोच कागद आहे ना.