कंदिलाखालचा वकील

मोठ्या माणसांचं बालपण अंधारात जातं आणि पुढे जगासाठी उजेड तेच आणतात. निदान त्यांच्या भेटीआधी ईमेलने येणाऱ्या परिचयात तरी असंच असतं.

हा परिचय एका नायजेरियन गृहस्थांचा होता. लहानपणी कंदिलाखाली अभ्यास करून ते वकील झाले, वीजकेंद्रांचे करार लिहिता लिहिता लंडनला पोचले, आणि आता एका गुंतवणूक फंडातर्फे देशोदेशीची बंदरं, रस्ते आणि पाणीयोजना विकत घेत होते. ऑकलंडच्या दक्षिणेला सांडपाण्याची पंपिंग स्टेशनं चालवणारी आमची छोटी कंपनी त्यांच्या यादीत पुढची होती. सल्लागारांनी अहवालात देखभालीची चार माणसं कमी करायला सुचवलं होतं. ते काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं. त्या चौघांचा प्रमुख मी. वय बावन्न.

कंदिलाबद्दल मला पहिल्यापासून संशय होता. पुण्यात आमचीही वीज जायची. आम्ही त्याला लोडशेडिंग म्हणायचो आणि गच्चीत जाऊन शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचो. अभ्यास केल्याचं मला तरी आठवत नाही.

बायकोचा संशय वेगळा. "वकील माणूस पंप बघायला कशाला येतोय? कागदांवर भागत नाही का त्याचं?" मुलीने फोनवर त्यांची माहिती काढली, "बाबा, ही इज लेजिट, चिल," असा निकाल दिला आणि टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेऊन ती तलावावर गेली.

ते आमच्या मनुरेवाच्या पंपिंग स्टेशनवर आले. सोबत आमचे साहेबलोक, घड्यासुद्धा न मोडलेली केशरी जाकिटं घालून. मुख्य साहेब रोजच्यापेक्षा खोल आवाजात किया ओरा हा माओरी नमस्कार म्हणाले. पाहुण्यांचे गमबूट मात्र वापरलेले दिसत होते. मला वाटलं, मुद्दाम मळवून आणले असतील.

पंपांच्या नव्या कोऱ्या स्क्रीनकडे त्यांनी पाहिलंही नाही. वीज गेली तर चालणारा जनरेटर कुठे आहे ते विचारलं, शेडमध्ये येऊन नोंदवही मागितली. दर महिन्याच्या चाचणीपुढे माझी सही होती.

"लोडवर चालवता?" त्यांनी विचारलं.

करारात तसंच लिहिलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनीही तो करार वाचलाय हे आत्ता कळलं. पण पंपांचा लोड जनरेटरवर टाकला की हेड ऑफिसात अलार्म वाजायचे, म्हणून नुसता चालवून बंद करा, असं आम्हाला तिथूनच सांगण्यात आलं होतं. हे सांगणारे साहेब आता छताचं निरीक्षण करत होते.

"नाही," मी म्हणालो. "दहा मिनिटं रिकामा चालवतो."

"मग आता लोडवर चालवू."

कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हतं. मी मेन स्विच पाडला. जनरेटरने लोड घेतला, थोडा वेळ गुरगुरला, खोकला आणि बंद पडला. पंप थांबले. त्या शांततेत मला माझी नोकरी जाताना स्पष्ट ऐकू आली.

स्विच चढवून पंप पुन्हा विजेवर घेतले आणि आम्ही चौघं इंजिनाला भिडलो. डिझेलचा फिल्टर तुंबला होता. तो बदलायचा, नळीतली हवा काढायची. इंजिनाच्या पोटात काही दिसत नव्हतं. तेवढ्यात शेजारी कुणीतरी उकिडवं बसलं आणि फोनचा टॉर्च धरला. माझा हात जिथे जाणार तिथे उजेड क्षणभर आधी पोचत होता. वकिलीच्या पुस्तकात हे शिकवत नसावेत.

वीस मिनिटांत जनरेटर लोडवर चालू झाला. बाहेरच्या कंत्राटदाराची माणसं अशा वेळी कधी पोचतील, असं पाहुण्यांनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, चार तासांत. पाहुणे फक्त "अच्छा" अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटले.

मी मात्र कंदिलावर विश्वास ठेवायच्या बेतात आलो होतो. "लहानपणी कंदील धरायची सवय दिसते," मी म्हणालो.

"कंदील? तो आमच्या लंडन ऑफिसने घातला. वडिलांचं जनरेटरचं दुकान होतं. ते दुरुस्ती करायचे, मी टॉर्च धरायचो. गिऱ्हाईक भांडायला आलं की त्याला गॅरंटी कार्डावरचा बारीक मजकूर वाचून दाखवायचो." ते हात पुसत उठले. "वकील तिथेच झालो."

याच्यावरही माझा पुरता विश्वास बसला नाही. ज्याच्याकडे दोन बालपणं आहेत, त्याच्याकडे तिसरंही निघू शकतं.

महिन्याभराने पत्र आलं. कंपनी त्यांनी घेतली होती आणि आम्हा चौघांना ठेवलं होतं. दोन वर्षांसाठी. बारीक मजकूर मी दोनदा वाचला, मग बायकोला वाचायला लावला. तिला काही सापडलं नाही, याचाच तिला संशय आला.

कंपनीच्या वार्तापत्रात त्यांचा तो उकिडवा बसलेला फोटो छापून आला. खाली ओळ होती: कंदिलापासून सुरू झालेला प्रवास, आजही अंधारात दिवा धरून. फोटोत माझी फक्त कोपरापर्यंतची बाही आली आहे. तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि शेडची दोन्ही दारं सताड उघडी होती.